पिकअपच्या फाळक्याचा झिजलेला बुश

पिकअपचा मागचा फाळका खालच्या दोन कोपऱ्यांवर फिरतो. फोर्ड एफ-150 किंवा शेव्हरोले सिल्व्हराडोसारख्या मोठ्या अमेरिकी पिकअपमध्ये हौद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पिन असते आणि फाळक्याच्या कोपऱ्यातली धातूची वाटी त्या पिनेवर बसते. पिन आणि वाटी यांच्यामध्ये प्लास्टिकचे एक छोटे कडे असते. तोच बुश. हाताच्या मुठीत मावणाऱ्या या स्वस्त भागावरून फाळक्याचे वजन आणि खड्ड्यांचा प्रत्येक दणका जातो.

बुश नायलॉनसारख्या कणखर प्लास्टिकचा करतात, कारण ते तेलाशिवायही धातूवर सहज सरकते आणि कंप शोषून घेते. त्याची झीज मात्र सगळीकडून सारखी होत नाही. फाळका बंद असताना त्याचे वजन सरळ खाली येते, त्यामुळे बुशची एक बाजू दबते. फाळका उघडून आडवा केला की तो दोन्ही बाजूंच्या तारदोरांवर तोलला जातो. हे दोर तिरके असतात. ते फाळक्याला वर उचलतात आणि त्याच वेळी हौद्याकडे ओढतात. ही ओढ पिनेला अडवावी लागते. फाळक्याच्या अगदी कडेवर कोणी बसले किंवा जड पेटी टेकवली, तर दोर जिथे अडकवलेला आहे तो बिंदू तरफेचा टेकू होतो आणि बिजागरीकडची कड वर उचलली जाऊ पाहते. म्हणजे एकच बुश कधी खाली, कधी आडवा, कधी वरच्या दिशेने दाबला जातो. त्यात रस्त्याची धूळ शिरली की ती पॉलिश पेपरचे काम करते. गोल भोक हळूहळू लंबगोल होते, प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते आणि शेवटी त्याचे तुकडे पडतात.

पहिली खूण आवाजाची. रिकामी गाडी खराब रस्त्यावरून जाताना मागून खडखड ऐकू येते. पण ती खिटीची, दोराची किंवा नंबर प्लेटचीही असू शकते, म्हणून आवाजावर विसंबून पार्ट मागवू नये. फाळका अर्धवट उघडा धरून एकेक कोपरा वर-खाली हलवून पाहावा. पिनेजवळ तो ढिला जाणवला, वाटी पिनेवर आपटली, तर बुश गेला आहे. बंद फाळक्याच्या दोन्ही कडांची फटही पाहावी. एका बाजूला ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर फाळका तिकडे कलला आहे. खिटी लागायला फाळका जोरात आपटावा लागत असेल, तर त्यामागेही बहुधा हेच कारण असते. दुर्लक्ष केल्यास धातूवर धातू घासतो, रंग जातो, गंज चढतो आणि पिनही झिजते. तेव्हा खर्च बुशपुरता राहत नाही.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण ते दोघांचे आहे. साधा पोलादी फाळकाही 20 ते 30 किलो भरतो. पायरी किंवा मोटर बसवलेला त्याहून जड. आधी पाहायची ती वायर. मागचा कॅमेरा किंवा विजेवर चालणारे कुलूप असेल, तर त्याचा जोड सोडल्याशिवाय फाळका हलवू नये, नाहीतर वायर तुटते. काही मॉडेलमध्ये फाळका हलका उघडावा म्हणून आत पीळदार सळई किंवा गॅसचा दांडा असतो. त्यातला ताण अंगावर येऊ शकतो, म्हणून तिथे त्या गाडीच्या पुस्तिकेतली पद्धतच पाळावी.

मग बंपरवर जाड चादर टाकतात. फाळका किंचित वर उचलून दोर सैल करायचा, त्याच्या टोकाची स्प्रिंगची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने उचलायची आणि टोक बोल्टच्या डोक्यावरून सरकवून काढायचे. दोन्ही दोर सुटल्यावर फाळक्याला हातांशिवाय आधार उरत नाही. आता तो साधारण 45 अंशांच्या कोनात आणतात. बहुतेक गाड्यांत एका बाजूची, सहसा उजवी, वाटी उघड्या तोंडाची असते आणि ठरावीक कोनातच ती पिनेवरून निघते. ती बाजू आधी वर उचलायची आणि मग संपूर्ण फाळका त्याच दिशेला सरकवून डावी बाजू सोडवायची. निघत नसेल तर जोर लावण्याऐवजी कोन थोडा बदलावा.

जुना बुश उचकटून काढल्यावर वाटीतले तुकडे आणि मातीचा थर साफ करावा. याच वेळी पिन बोटाने चाचपावी. तिच्यावर खाच किंवा सपाट झालेला भाग लागला तर पिनही बदलावी. झिजलेल्या पिनेवरचा नवा बुश फार काळ टिकत नाही. गंज घासून, प्राइमर आणि रंग लावून पूर्ण वाळू द्यावा. दोन्ही बुश एकदमच बदलावेत, कारण एक नवा आणि एक जुना ठेवला तर फाळका पुन्हा तिरपा बसतो. उघड्या वाटीच्या बुशला खाच असते. ती वाटीच्या तोंडाशी जुळली नाही तर फाळका पिनेवर बसणारच नाही. वंगण म्हणून सिलिकॉन किंवा पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरतो. जाड ग्रीस थापले तर ते धूळच गोळा करते.

लेथवर पितळी बुश करून घेणे टिकाऊ वाटते, पण पितळ कंप शोषत नाही आणि त्याला वेळोवेळी तेल द्यावे लागते. रोजच्या वापराच्या गाडीला प्लास्टिकच योग्य. महाराष्ट्रात मालवाहतुकीच्या छोट्या पिकअपवर फाळक्यांच्या बिजागऱ्यांत अनेकदा नुसती लोखंडी पिन असते. तिथे झीज थेट पिनेची होते आणि पिन बदलणे हाच उपाय.

बसवताना क्रम उलटा: आधी डावी बाजू, मग उजवी, मग दोर, शेवटी वायर. पहिल्यांदा फाळका हळूच बंद करावा. नव्या बुशमुळे तो आता किंचित वर बसतो, आणि जुन्या ढिलाईशी जुळवून कोणी खिटीचा खुंट सरकवला असेल, तर खिटी चुकीच्या जागी आदळते. अशा वेळी खुंटाचा बोल्ट सैल करून तो खिटीच्या मध्यावर आणावा आणि पुन्हा घट्ट करावा. कॅमेऱ्याचे चित्र आणि कुलूप तपासले की काम झाले.

फाळका इतक्या सहज निघतो, म्हणून अमेरिकेत फाळक्यांच्या चोऱ्याही होतात. उघड्या वाटीभोवती एक होज क्लिप आवळली की ती पिनेवरून उचलली जात नाही. मात्र क्लिप फाळक्याच्या फिरण्याआड येत नाही ना, हे फाळका पूर्ण उघडून-मिटून पाहावे.