भिंतीवरचं ध्येय, वहीतलं काम

कुठल्याही हॉस्टेलच्या खोलीत जा, भिंतीवर एखादा कागद चिकटवलेला दिसेलच. स्केचपेनने ठळक लिहिलेलं असतं, ‘उपजिल्हाधिकारी’, ‘सीए’, नाहीतर ‘पॅकेज १२ लाख’. कागद लावला त्या रात्री अंगात वेगळाच जोर असतो, दोन वाजेपर्यंत अभ्यास होतो. आठवड्याभराने तोच कागद पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत असतो आणि आपण त्याच्याखाली लोळत रील्स बघत असतो!

मग आपण स्वतःलाच बोल लावतो. ‘आळशी आहोत आपण, जिद्दच नाही.’ पण बऱ्याचदा गडबड त्या कागदातच असते. कुठे पोहोचायचं ते त्यावर लिहिलेलं असतं, पण येत्या मंगळवारी संध्याकाळी काय करायचं, ते कुठेच नसतं.

हातात काय आहे?

यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेचंच बघा. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५ लाख ८३ हजारांवर उमेदवार आणि शेवटी निवड झाली १००९ जणांची. म्हणजे साधारण ५७८ जणांमागे एक. घाबरवायला हा आकडा सांगत नाहीये. पण जागा किती निघतील, कटऑफ किती लागेल, बाजूच्या बाकावरच्याला किती मार्क पडतील, यातलं काहीच आपल्या हातात नाही, हे आधी मान्य करायला हवं. आज वेळ लावून एक उत्तर लिहिणं आणि ते कुणाकडून तरी तपासून घेणं, हे मात्र नक्की आपल्या हातात आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवतोय ना? १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने ब्राँझ पदक जिंकलं. २००९ मध्ये तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता आणि २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरीला होता. पहिलं ऑलिम्पिक खेळायला मिळालं, ते तिशीच्या उंबरठ्यावर. या प्रकाराच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या झाडायच्या असतात : गुडघ्यावर बसून २०, पालथं पडून २० आणि उभं राहून २०. त्या फेरीत ५९० गुण मिळवून तो सातवा होता. अंतिम फेरीत तिसरा आला. पदक कुणालाच ठरवून मिळत नाही, नेमबाजाच्या हातात असते फक्त पुढची गोळी. आणि हो, नोकरी लागली म्हणून त्याचं ध्येय काही संपलं नाही.

तीनच ओळी

एक साधी वही घ्या आणि या सेमिस्टरपुरत्या तीनच ओळी लिहा.

पहिली अभ्यासाची. ‘फर्स्ट क्लास आणायचा’ हे झालं भिंतीवरचं. वहीत लिहा, ‘एटीकेटी लागलेल्या विषयाची दर रविवारी सकाळी एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवणार, तीन तास, फोन दुसऱ्या खोलीत.’

दुसरी करिअरची. ‘चांगली नोकरी’ असं लिहिण्यापेक्षा ‘दिवाळीच्या आत या क्षेत्रातल्या दोन सीनियर्सना भेटून त्यांचा कामाचा दिवस कसा जातो ते विचारणार’ असं लिहा. आपल्याला पद आवडलेलं असतं, पण त्या पदाचं रोजचं काम माहीतच नसतं. सीए व्हायचंय? मग आर्टिकलशिप करणारी एखादी ताई ऑडिटच्या दिवसांत किती वाजता घरी पोहोचते, ते आधी ऐकून घ्या. ऐकूनही हुरूप टिकला, तर ध्येय आपलंच आहे. नाहीतर ते कदाचित आत्याच्या मुलाचं बघून उचललेलं असेल.

तिसरी स्वतःची. ‘कॉन्फिडन्स वाढवायचा’ म्हणजे नेमकं काय? ‘महिन्यातून एकदा वर्गात उभं राहून एक प्रश्न विचारणार.’ बस्स, एवढं पुरे.

ओळी लिहिताना आपला दिवस बघा. रोज दोन तास एसटीने ये-जा करणाऱ्या, घरी जाऊन भाकऱ्या टाकणाऱ्या मुलीने हॉस्टेलवरच्या मैत्रिणीचं टाइमटेबल उतरवून घेतलं, तर ते चार दिवसांत कोलमडणारच. तिला रोजचा सलग एक तास मिळत असेल, तर तिची वही त्या एका तासाची असू दे.

थांबायची तारीख

आता जरा अवघड गोष्ट. ध्येय ठरवताना त्याचा आढावा घ्यायची, आणि वेळ पडली तर थांबायची तारीखही ठरवा.

यूपीएससीला खुल्या गटातल्या उमेदवाराला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत ६ प्रयत्न मिळतात, ओबीसींना ३५ वर्षांपर्यंत ९, तर एससी-एसटी उमेदवारांना ३७ वर्षांपर्यंत प्रयत्नांची मर्यादाच नाही. पूर्वपरीक्षेचा एक जरी पेपर दिला, तरी तो प्रयत्न मोजला जातो. त्यामुळे ‘अनुभवासाठी देऊन बघू’ हेही फुकट नसतं. पण या मर्यादा झाल्या आयोगाच्या. त्या पूर्ण वापरल्याच पाहिजेत, असं कुणीही सांगितलेलं नाही.

पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत पाचव्या-सहाव्या वर्षी बसलेला एखादा दादा तुमच्याही ओळखीचा असेल. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी, सगळं घरून येतं. दर निकालानंतर फोनवर तेच वाक्य, ‘थोडक्यात गेलं, पुढच्या वेळी नक्की.’ तो हुशार नाही किंवा कष्ट करत नाही, असं अजिबात नाही. पण थांबायचं कधी, हे सुरुवातीला ठरवलं नव्हतं आणि आता ते ठरवायची भीती वाटते. एवढी वर्षं घातल्यावर मागे कसं फिरायचं?

म्हणून हे आत्ताच, डोकं शांत असताना ठरवा. किती प्रयत्न, घरचे किती पैसे, आणि नाही जमलं तर डिग्रीच्या जोरावर दुसरं काय? वहीत लिहा आणि आई-बाबांनाही सांगा. त्यांना सांगितलं की ती तारीख पुढे ढकलणं सोपं राहत नाही. त्या तारखेला पुढे जायचं, वाट बदलायची की थांबायचं, हे वही बघून ठरवा. थांबलात, तर आधी ठरवलेलंच पाळलंत. त्यात लाज कसली?

भिंतीवरचा कागद काढू नका, तो छानच आहे. फक्त आज झोपायच्या आधी वहीत एक ओळ लिहा : उद्या किती वाजता, काय, किती वेळ.