साध्या मजकुरातून वर्डची फाइल
बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत बसून संतकवी दासोपंतांवर प्रबंध लिहिणाऱ्याला वर्ड उघडायची गरज नाही. नोटपॅडमध्ये युनिकोड मराठीत लिहावे. शीर्षकाआधी # हे चिन्ह, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका. ही मार्कडाउन पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडली. पुढचे काम पॅनडॉक या मोफत प्रोग्रामचे: एका आज्ञेत तळटिपांसह वर्डची फाइल तयार होते. फॉन्ट, समास, ओळींमधले अंतर वेगळ्या नमुना-फाइलमध्ये ठरवायचे. विद्यापीठाने नियम बदलले, तर तेवढी फाइल बदलून आज्ञा पुन्हा चालवायची. मजकुराला हात लागत नाही. माझ्या मते खरा फायदा हाच. मात्र जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर वर्डमध्ये निरर्थक रोमन अक्षरे उमटतात.