व्हिडिओ गेमच्या निर्मितीत गुणवत्ता परीक्षकाचे स्थान

व्हिडिओ गेमच्या निर्मितीत चित्रकार व प्रोग्रामर यांची दखल घेतली जाते. गुणवत्ता परीक्षक, म्हणजेच टेस्टर, बहुधा अनुल्लेखित राहतो. ‘दिवसभर खेळून पगार मिळवणारा’ अशी त्याच्याविषयी समजूत आढळते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील संगणकशास्त्राच्या पदवीधरांना हे क्षेत्र दूरचे नाही. सुमारे १२० किलोमीटरवरील पुण्यात फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा स्टुडिओ विकत घेतला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा खेळही पुण्यातच घडला.

परीक्षकाचे काम खेळणे नव्हे, खेळ मोडून पाहणे होय. एखादे पात्र भिंतीतून आरपार गेले, तर तो त्याच भिंतीवर पन्नास वेळा आदळतो: धावत, उडी मारत, मध्येच खेळ बंद करून. त्यानंतर अहवाल येतो. कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, कोणत्या क्रमाने काय केले, काय घडावयास हवे होते व काय घडले, दहांपैकी किती वेळा घडले, हे सर्व त्यात नेमके असावे लागते. कारण पुन्हा घडवून दाखवता न येणारा दोष दुरुस्त करणे प्रोग्रामरला फार कठीण जाते. म्हणजे हे काम निम्मे निरीक्षणाचे, निम्मे लेखनाचे आहे. आपल्याकडे संगणकाच्या वर्गात या लेखनाकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

दोष सापडला म्हणजे तो दुरुस्त होतोच असे नाही. तो निर्णय परीक्षकाच्या हाती नसतो. ठपका मात्र त्याच्यावर येऊ शकतो. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी विक्रीस आला आणि सदोष ठरल्याने आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. यातील बरेच दोष चाचणीत दिसलेच नव्हते, असे निर्मात्या कंपनीच्या सहसंस्थापकांनी जानेवारी २०२१ मध्ये सांगितले. त्याच महिन्यात ब्लूमबर्गच्या वृत्तात मात्र, दोष ठाऊक होते, दुरुस्तीस वेळ नव्हता, असे कर्मचाऱ्यांचे म्हणणे आले.

विद्यार्थ्यांना या वाटेने धाडताना नेमणुकीचे स्वरूपही तपासावयास सांगावे. ती पुष्कळदा कंत्राटी असते. अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये काही कंत्राटी परीक्षकांना कमी करण्यात आले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवले. मे २०२२ मध्ये तेथील परीक्षकांनी ३ विरुद्ध १९ मतांनी कामगार संघटनेचा कौल दिला.