लहान आगगाडीचे खरे माप

आगगाडीच्या डब्यांच्या लहान प्रतिकृती जमविणे हा छंद वरवर पाहणाऱ्यास मुलांच्या खेळाचाच एक प्रकार वाटतो. परंतु खेळणे आणि प्रतिकृती यांत मूलतःच भेद आहे. नाताळच्या झाडाखाली किंवा गणपतीच्या आराशीत गोल फिरणारी गाडी गाडीसारखी दिसली की पुरे. तिला चाके असावीत, खिडक्या असाव्यात आणि किल्ली दिली असता ती धावावी, एवढीच मुलांची अपेक्षा असते. प्रतिकृतीचे तसे नाही. ती कोणत्या तरी एका खऱ्या डब्याची असते. तो डबा कोणत्या रेल्वेचा, कोणत्या सालचा, त्याला खिडक्या किती, रंग कोणता, अंगावर कोणती अक्षरे, ह्या साऱ्या प्रश्नांची उत्तरे तिला देता आली पाहिजेत. साक्षीदाराप्रमाणे तिला उलटतपासणीस उभे राहावे लागते.

मराठी राजघराण्यांना लहान आगगाडीचे वेड पूर्वीपासून आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील चांदीची आगगाडी पुष्कळांनी पाहिली असेल. माधवराव शिंदे महाराजांच्या मेजवान्यांत ती भोजनाच्या लांबलचक मेजावर मांडलेल्या रुळांवरून फिरे आणि पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया व चिरूट नेई. सुरई उचलली की गाडी थांबे. सात डब्यांवर ‘सिंदिया’ ह्या नावाची सात इंग्रजी अक्षरे झळकत. वैभव म्हणून ती अपूर्वच. पण तिला कोणत्याही खऱ्या गाडीचे माप विचारण्यात अर्थ नाही. बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात तर मुलांना प्रत्यक्ष बसता येईल अशी छोटी आगगाडी होती. आमराईला वळसा घालून ती राजकुटुंबातील मुलांना त्यांच्या शाळेत नेई आणि परत आणी. त्या शाळेच्या इमारतीत आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे आणि डागडुजी केलेले ते इंजीन संग्रहालयाच्या दाराशी मांडलेले आहे. दांडिया बाजारातील रहिवाशाला ते पाहण्यासाठी गाव ओलांडावे लागत नाही.

दांडिया बाजारातील मध्यम स्थितीच्या मराठी घरात मात्र ना आमराई, ना चांदी. तेथील संग्रह कपाटाच्या एका खणात मावला पाहिजे. म्हणून मापाचा प्रश्न तेथे प्रथम उपस्थित होतो, आणि ह्या छंदातील खरी विद्याही तीच आहे.

एके काळी लहान गाड्या करणारा प्रत्येक कारागीर आपल्या मर्जीप्रमाणे रूळ करी. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसे. जर्मनीतील मेर्कलिन ह्या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरीव रुंदीच्या रुळांची मालिका मांडली आणि ह्या अराजकाला आळा बसू लागला. पुढे घरे आटोपशीर झाली, विजेच्या मोटारीही लहान झाल्या. ‘शून्य’ क्रमांकाचे माप रूढ झाले होते, त्याचेही अर्धे करण्यात आले. हे ‘अर्धे शून्य’ म्हणजेच आज जगभर सर्वांत अधिक प्रचारात असलेले एच-ओ माप होय. त्याचा नियम एका ओळीत सांगता येतो : खऱ्या वस्तूच्या एका फुटाला प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर. प्रमाण काढले तर ते १ ला ८७ असे पडते.

हा नियम हाती आला की शाळेची फूटपट्टीही परीक्षकाचे काम करू लागते. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून २०१८ पर्यंत तयार झालेला आय.सी.एफ. प्रवासी डबा, म्हणजे आधी तांबूस आणि नंतर निळ्या रंगात सर्वांनी पाहिलेला डबा, ७० फूट लांबीचा आहे. ७० ला साडेतीनने गुणले की २४५ मिलिमीटर येतात. प्रतिकृती साडेचोवीस सेंटिमीटर भरली पाहिजे. त्याच्या जागी आलेला एल.एच.बी. डबा सुमारे साडेतेवीस मीटरांचा. त्याची प्रतिकृती २७ सेंटिमीटरांची. आता गंमत अशी की, घरातील मेजावर वळणे फार तीव्र घ्यावी लागतात आणि लांब डबा अशा वळणावर रुळांबाहेर झुकतो. म्हणून कित्येक कारखानदार डब्याची लांबी मुकाट्याने कमी करतात, एखाद-दुसरी खिडकीही गाळतात. नजरेला ते चटकन कळत नाही, पट्टीला कळते. गाडी चालवून आनंद घेणाऱ्याने ह्या तडजोडीबद्दल कुरकुर करू नये. संग्राहकाने मात्र तिची नोंद आपल्या वहीत अवश्य ठेवावी.

लांबीपेक्षा रुळांची अडचण बिकट आहे. एच-ओ मापाचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण युरोप-अमेरिकेतील खऱ्या रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच आहे आणि त्याला साडेतीनने गुणले की तेवढेच येते. आपला ब्रॉडगेज मार्ग साडेपाच फुटांचा. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटरांचे रूळ हवेत, आणि ते दुकानात मिळत नाहीत. परिणामी भारतीय डब्याची प्रतिकृती अंगाने बरोबर असली तरी पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. खऱ्या मापात मोजले तर ही चूक साडेनऊ इंचांची होते. काही चोखंदळ माणसे स्वतः रूळ ठोकून हा दोष दूर करतात. बहुतेक जण तो मुकाट्याने सोसतात. इंग्रज छंदिष्टांची स्थिती ह्याहून फार निराळी नाही, हे सांगितले म्हणजे थोडे समाधान वाटेल. त्यांच्या देशातील इंजिने आकाराने लहान. त्या काळच्या मोटारी त्यांत बसेनात, म्हणून त्यांनी फुटाला चार मिलिमीटर धरून गाड्या मोठ्या केल्या आणि रूळ तेच साडेसोळाचे ठेवले. त्यांच्याही गाड्या आजतागायत अरुंद रुळांवरच चालत आहेत.

ह्या हिशेबात बडोद्याच्या वाट्याला मात्र एक आश्चर्यकारक सोय आली आहे. बडोदे संस्थानची स्वतःची जी रेल्वे होती, तिचे रूळ अडीच फुटांचे. अडीचला साडेतीनने गुणले की पावणेनऊ मिलिमीटर होतात. त्याहून लहान असे जे ‘एन’ नावाचे माप जगात सर्वत्र मिळते, त्याचे तयार रूळ नऊ मिलिमीटरांचे असतात. फरक केवळ पाव मिलिमीटरचा! मुंबई-दिल्लीच्या मोठ्या गाड्यांना जे जमत नाही, ते डभोईच्या छोट्या गाडीला सहज साधते. डबा एच-ओ मापाने करावा आणि एनच्या रुळांवर ठेवावा. डोळ्यांना खोटे असे काही दिसत नाही.

आणि ही रेल्वे संग्रहाला सर्वथा योग्य अशीच होती. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई आणि मियागाम यांच्यामध्ये ती सुरू झाली, तेव्हा तिचे डबे बैल ओढीत असत. आगगाडी होती, पण तिच्यात आग नव्हती. पुढे वाफेची इंजिने नियमितपणे आली, सयाजीराव महाराजांच्या काळात चांदोद, बोडेली, सामलाया अशा दिशांना फाटे फुटले आणि डभोई हे अरुंद रुळांचे फार मोठे जंक्शन म्हणून जगात नावाजले गेले. शहरातील तिचे स्थानक गोया गेट. तेच आजचे प्रतापनगर. १९४९ मध्ये संस्थानाची ही रेल्वे बी.बी.सी.आय. मध्ये विलीन झाली आणि १९५१ च्या नोव्हेंबरात पश्चिम रेल्वेचा जन्म झाला. ही दोन साले संग्राहकाने पाठ करावीत. ‘पश्चिम रेल्वे’ अशी अक्षरे असलेला डबा संस्थानी काळातील इंजिनामागे जोडला, तर तो शिवछत्रपतींच्या दरबारात टेबलफॅन ठेवण्यासारखा प्रकार होतो.

मालडब्यांच्या बाबतीत असे प्रमाद अधिक घडतात. मालडब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. ‘वॅगन’चे हे रूप कोणा मराठी कानाने घडविले असेल ते असो, पण फार चांगले घडविले आहे. जुन्या चार चाकी वाघिणींना निर्वाताच्या दाबाने चालणारे ब्रेक असत. नंतरच्या आठ चाकी ‘बॉक्स-एन’ वाघिणींना दाबलेल्या हवेचे ब्रेक आहेत. ह्या दोन जाती एका गाडीत जोडून चालविता येत नाहीत. मेजावर मात्र कोणीही कोणतीही वाघीण कोणत्याही वाघिणीस जोडतो आणि गाडी सुरेख दिसते! उघडी वाघीण, बंद वाघीण, तेलाची टाकी आणि शेवटी गार्डाचा डबा अशी माळ लावण्यापूर्वी प्रत्येकीचा काळ विचारणे, हीच ह्या छंदातील शिस्त आहे.

भारतीय डब्यांच्या तयार प्रतिकृती मिळणे आजही सोपे नाही. परदेशी मालाच्या आयातीवरील बंधने २००१ मध्ये सैल झाल्यावर युरोपीय गाड्या दुकानांत दिसू लागल्या, पण त्या गाड्या बव्हेरियाच्या किंवा यॉर्कशायरच्या. डभोईचा डबा ज्याला हवा, त्याने तो पुठ्ठ्याचा स्वतःच करावा लागतो. बाजूच्या भिंती कागदावर मापाने रेखाटायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या, खिडक्या धारदार पात्याने कापायच्या, छपराला ओलसर कागद गुंडाळून गोलाई द्यायची आणि चाके तेवढी विकत आणायची. असा डबा हलका होतो आणि सांध्यावर उडतो. अमेरिकन छंदिष्टांच्या संघटनेने ह्यासाठी एक आडाखा दिला आहे : मूळ एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचास अर्धा औंस. त्या हिशेबाने आय.सी.एफ. डब्याची प्रतिकृती सुमारे १६५ ग्रॅम भरावी. तळाशी खिळे किंवा शिशाचे तुकडे चिकटवून ती भरती करतात.

अशा गाड्या चालताना पाहावयाच्या असतील, तर पुण्यास कोथरूडमध्ये बी. एस. जोशी यांनी उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते उघडले. दिवे मंद करून सिग्नलांसह सारी गाड्यांची नगरी चालू केली जाते, तेव्हा मुलांपेक्षा त्यांचे वडीलच अधिक पुढे सरकतात.

संग्रह सांभाळण्याविषयी दोन गोष्टी पुरेत. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कपाटात ठीक. प्लॅस्टिकच्या डब्यांजवळ त्या ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने काही जातींचे प्लॅस्टिक मऊ पडते. आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीची ओतीव जस्ताची चाके विकत घेताना बारीक भेगा पाहाव्यात. त्या काळच्या जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल, तर अशी चाके कालांतराने आपोआप फुगतात व तडकतात. ह्यावर उपाय नाही.

परंतु बडोद्यातील संग्राहकापुढे आज सर्वांत तातडीचे काम ह्याहून वेगळे आहे. डभोईचे अरुंद रूळ एकेक करून उखडले गेले. १७ जानेवारी २०२१ रोजी डभोई-चांदोद मार्गे केवडियाकडे ब्रॉडगेज गाड्या सुरू झाल्या, तेव्हा पूर्वी छोटी गाडी जेथून चांदोदच्या यात्रेकरूंना नेत असे त्याच वाटेने मोठे डबे धावू लागले. गावांची सोय झाली, ह्यात शंका नाही, आणि जुन्या गाडीची मंद चाल ज्यांनी रोज सोसली त्यांना तिच्याविषयी हळहळ वाटावी असा आग्रह कोणी धरू नये. पण मोडीत निघालेला डबा पुन्हा मोजता येत नाही. थोडे डबे आणि इंजिने प्रतापनगर येथे रेल्वेने जतन करून ठेवली आहेत, ती अजून मोजता येण्यासारखी आहेत. आणि दांडिया बाजारातून प्रतापनगर म्हणजे रिक्षाची थोडकी वाट.

परवानगी घेऊन तेथे जावे. बरोबर एक फीत, एक वही आणि दर फुटाला काळा-पांढरा पट्टा मारलेली सहा फुटी काठी न्यावी. काठी डब्याला टेकवून समोरून, बाजूने आणि टोकाकडून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे जे मोजावयाचे राहून जाईल ते नंतर चित्रावरूनही काढता येते. चाकांमधील अंतर, खिडकीची उंची, दाराची रुंदी, पायरीची जाडी आणि छपराची गोलाई ही पाच मापे आधी घ्यावीत, कारण अंदाजाने केलेले डबे चुकतात ते बहुधा येथेच. अंगावरचा क्रमांक आणि रंगाचे जुने थर जेथे खरवडलेले दिसतात, तेथले टिपणही करावे. घरी आल्यावर प्रत्येक फुटाला साडेतीनने गुणावे, आणि मग पुठ्ठ्याला हात लावावा.