वाऱ्याचा आकडा आणि मैदानावरचा वारा

नागपुरात मॉडेल विमान उडवणारे मोबाइलवर वाऱ्याचा वेग पाहून मैदानावर जातात. तो आकडा मात्र त्या मैदानाचा नसतो. सोनेगावच्या हवामान केंद्रात वारा मोकळ्या जागी, १० मीटर उंचीवर मोजतात आणि काही मिनिटांची सरासरी देतात. झाडा-इमारतींमागे तोच वारा गरगरतो. ऊन तापल्यावर जमिनीलगतची हवा वर चढते, वरचा वेगवान वारा खाली येतो आणि झोत वाढतात. म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास बरा. मे महिन्यात उन्हाचा त्रासही टळतो. अंदाजात सरासरीबरोबर झोतांचा वेगही पाहावा. मैदानावर काठीला रिबन बांधून पाच मिनिटे निरखावी. भरकटलेले विमान बघ्याचा डोळा घालवू शकते. रिबन सारखी दिशा बदलत असेल, तर विमान पेटीतच ठेवावे.