घरातलं पिस्तूल आणि त्याचं कुलूप

शस्त्र परवाना हाती पडला की माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘कुठलं घ्यावं?’ अमेरिकेत या प्रश्नावर रात्र सरेल. आपल्याकडे सरकारनं उत्तराचा मोठा भाग आधीच देऊन ठेवला आहे. पोलीस आणि लष्कर वापरतं ते नऊ मिलिमीटरचं पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतं, ते सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. राहतो तो मुख्यतः बत्तीस बोअर. त्यातही एकाच आकड्याखाली दोन निराळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब, बुडाला ठसठशीत कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. दुकानात नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हणून भागत नाही.

रिव्हॉल्व्हरचं काडतूस उलटं करून उजेडात धरलं तर बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसतात. के म्हणजे किरकी, इंग्रजांच्या जिभेवरची आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना 1869 सालचा. रिव्हॉल्व्हर कानपूरचं आणि गोळी पुण्याची, अशी ही जोडी.

परवान्याची ही कडक व्यवस्था मुळात लॉर्ड लिटनच्या 1878 च्या शस्त्र कायद्यातली. हिंदी माणसाला नि:शस्त्र करणारा कायदा म्हणून काँग्रेस त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव करत राहिली. 1931 च्या कराची अधिवेशनात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क म्हणून नोंदवला गेला. पण राज्यघटना लिहिताना चित्र पालटलं. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती साफ नाकारली. कुणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा सवाल होता. मला तो आजही बिनतोड वाटतो. पुढे 1959 चा कायदा आला, 2016 चे नियम आले आणि 2019 च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडची हत्यारं तीनावरून दोनावर आणली.

आता निवड. कानपूरचं रिव्हॉल्व्हर की ईशापूरचं ‘अशनी’ पिस्तूल? 2014 मध्ये ‘निर्भीक’ आलं तेव्हा बायकांसाठीचं रिव्हॉल्व्हर म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला. टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत मात्र तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. हलकेपणा पर्समध्ये बाळगायला सोयीचा. कपाटात राहणाऱ्या हत्याराला त्याचं काय कौतुक? उलट हलकं हत्यार हाताला जास्त झटका देतं.

रिव्हॉल्व्हर रिकामं आहे की भरलेलं, हे नवख्यालाही कळतं. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरची वरची कळ दाबली की नळी पुढे झुकते आणि सहाही काडतुसं एकदम वर उचलली जातात. सहा घरं समोर उघडी. पिस्तुलाचं तसं नाही. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून नळीतली गोळी बाहेर काढायची आणि तरीही आत डोकावून खात्री करायची. हा क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी ओढली, तर मॅगझिनमधली नवी गोळी नळीत चढते. मग मॅगझिन काढून ‘रिकामं आहे’ म्हणणारा माणूस भरलेलं पिस्तूल हातात धरून उभा असतो. वर्षातून एखादवेळीच रेंजवर जाणार असाल तर मी रिव्हॉल्व्हरच सांगेन.

खरी गोची पुढे आहे. झोपेतून उठून चटकन हाती यायचं तर हत्यार भरलेलं आणि जवळ हवं. मुलांच्या हाती पडू नये असं वाटत असेल तर ते रिकामं, कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात हवीत. दोन्ही एकदम साधत नाहीत. आपले नियम सुरक्षेच्या बाजूनं आहेत: अर्जदाराला प्रशिक्षण घ्यावं लागतं, हत्यार नीट ठेवण्याची हमी द्यावी लागते. अमेरिकेत 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी वॉशिंग्टन शहराचा नियम रद्द केला. घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवा, असं तो सांगत होता. पण 1993 मध्ये आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका जवळपास पावणेतीन पट आढळला होता, आणि मारणारा बहुतेकदा घरातला किंवा ओळखीचा. अभ्यासावर टीका झाली, अजून होते. जिथं धोका जास्त तिथंच लोक बंदूक घेतात, हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण आत्महत्येच्या बाबतीत, घरात बंदूक असली की धोका वाढतो, हे नंतरच्या अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

कायदा घरमालकाच्या पाठीशी आहे, पण बेतानं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 नुसार रात्रीच्या घरफोडीत मालमत्तेच्या बचावाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. कलम 37 मात्र बजावतं की गरजेपेक्षा जास्त इजा करता येणार नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्कच उरत नाही. पाठ करून पळणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी तुम्हालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू शकते.

म्हणून अर्ज भरण्याआधी लोखंडी तिजोरीची जागा ठरवा, किल्ली कुणाकडे राहील तेही ठरवा. घरात लहान मूल असेल, कुणी दारूच्या आहारी गेलं असेल किंवा खोल निराशेत असेल, तर परवान्याच्या फंदात पडू नका; तो पैसा भक्कम सेफ्टी डोअर आणि खिडक्यांच्या ग्रिलवर घाला.