घरपट्टी (कर्जत–खालापूर)

घरपट्टी : घर, इमारत व तिच्याखालील जमीन यांवर स्थानिक स्वराज्य संस्थेने आकारावयाचा वार्षिक कर. जमिनी व इमारती यांवरील कर हा भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय (नोंद ४९) असून राज्याने तो बसविण्याचा व वसूल करण्याचा अधिकार ग्रामपंचायती, नगरपंचायती व नगरपरिषदा यांना दिलेला आहे. शेतसारा व बिनशेती आकारणी हे शासनाचे जमीनमहसूल होत. घरपट्टीशी त्यांची गल्लत करू नये.

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत दोन्ही व्यवस्था शेजारीशेजारी आढळतात. कर्जत, माथेरान व खोपोली येथे नगरपरिषदा, तर खालापूर येथे नगरपंचायत असून तेथे १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो; उर्वरित गावांत १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १२४ व त्याखालील १९६० चे कर व फी नियम लागू आहेत. त्यामुळे नगराच्या हद्दीलगतच्या दोन सारख्या घरांची पट्टीही सारखी असेलच असे नाही.

नगरपरिषद क्षेत्रातील रूढ पद्धतीत घराचे अपेक्षित वार्षिक भाडे धरून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले जातात. उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर ठरावीक टक्क्यांनी कर आकारतात. शिक्षण कर हा शासनाचा उपकरही याच देयकातून वसूल होतो. ग्रामपंचायतींत २०१५ पासून क्षेत्रफळाऐवजी भांडवली मूल्य हा आधार धरण्यात आला. जमिनीचे व बांधकामाचे शासकीय वार्षिक दर, इमारतीचे वय आणि वापराचा भारांक यांवरून हे मूल्य काढतात व दर हजार रुपयांमागे कर बसवितात. उदा., मूल्य ५ लाख रुपये व दर हजारी १ रुपया असल्यास कर ५०० रुपये होईल. दिवाबत्ती, आरोग्य व पाणी यांची पट्टी निराळी असते.

या पद्धतीचा एक परिणाम लक्षणीय आहे. मुंबईच्या लोकलमार्गावरील या पट्ट्यात शेतघरे व गृहसंकुले वाढून जमिनीचे शासकीय दर चढले, की जुन्या रहिवाशाच्या घराचे मूल्यही कागदोपत्री वाढते. त्याचे उत्पन्न मात्र वाढलेले नसते. घसाऱ्याने जुन्या बांधकामाला काही सूट मिळते, पण जमिनीला घसारा नाही. म्हणून आकारणी यादी प्रसिद्ध होताच क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय व वापर या नोंदी घरमालकाने तपासून मुदतीत लेखी हरकत घेणे अगत्याचे ठरते. चुकीने पक्के म्हणून नोंदलेले कौलारू घर पुढील फेरआकारणीपर्यंत तसेच राहू शकते. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते. नगरपरिषदेची थकबाकी अंगावर काढणे महाग पडते, कारण तीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते.

घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा आहे, हा समज सार्वत्रिक व चुकीचा आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालक व भोगवटादार या दोघांचीही नावे असतात. ही नोंद कोणाकडून कर घ्यावयाचा एवढेच सांगते. कर स्वीकारला म्हणून अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखत, सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी लागते. घर विकत घेणाऱ्याने केवळ नमुना ८ च्या उताऱ्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

तथापि हा उतारा निरुपयोगी नव्हे. तालुक्यांतील अनेक ठाकूर व कातकरी वाड्या गावठाणाबाहेर, दुसऱ्याच्या खाजगी वा वन जमिनीवर वसलेल्या आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात. परंतु ती योजना गावठाणापुरती आहे. अशा वाडीतील कुटुंबाजवळ वर्षानुवर्षांच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून बहुधा घरपट्टीच्या पावत्याच असतात आणि ज्या घराची आकारणीच झालेली नाही, त्याच्याकडे तेवढाही कागद नसतो.